करोनाकाळातले ज्येष्ठ : शहर एक, वाटा वेगळ्या

घरबंदी : ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोनारुग्ण पुण्यात आढळले. पुढे टाळेबंदीत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच थांबावे, अशी सूचना निघाली. स्वतंत्र खोली असलेल्यांना ती पाळता आली. भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत, सार्वजनिक स्वच्छतागृहाशिवाय पर्याय नसलेल्या आजी-आजोबांना ती पाळणे अशक्य होते.

आधार : अनेक सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना प्रवेश बंद केला. मुले परदेशी असलेली जोडपी एकटी पडली आणि साठी ओलांडलेल्या कामकरी बायकांची मिळकत थांबली.

पैसा : श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना तेव्हा महिन्याला १,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १,५०० झाले.

प्रवास : २० मार्च २०२० पासून रेल्वेची ज्येष्ठ सवलत (पुरुषांना ४०, महिलांना ५० टक्के) थांबली.

लस : १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली. ‘कोविन’वरची नोंदणी स्मार्टफोन नसलेल्यांना अवघड गेली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी लस द्यावी, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली.

मदत हवी असल्यास : ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, निःशुल्क.