'हॅलो, ऐकू येतंय का?'

ट्रंककॉलचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल. तासन्‌तास वाट पाहून एकदाचा फोन लागला की पहिले वाक्य ठरलेले असे : 'हॅलो, ऐकू येतंय का?' ख्यालीखुशाली नंतर. आधी लाइन शाबूत आहे ना, याची खात्री. पलीकडून 'हो, हो' असे उत्तर येई, आपण सगळा निरोप सांगून टाकत असू, आणि आठ दिवसांनी कळे की, त्या माणसाला 'हॅलो'खेरीज काहीच ऐकू गेले नव्हते!

संगणकांच्या जगात आज हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट' म्हणजे सांगितलेले काम स्वतःच पायऱ्या ठरवून उरकणारे प्रोग्रॅम. गाड्यांच्या वेळा बघ, बिलांचा हिशेब लाव, असे सांगितले की ते दुसऱ्या संगणकांकडे माहिती मागतात. ही देवघेव ज्या खिडकीतून होते, तिला 'एपीआय' म्हणतात. खिडकीच बंद असेल तर? माणूस हात हलवत परत येईल आणि तसे सांगेल. यंत्राचा मात्र भरवसा नाही. माहिती मिळाली नाही, तर ते कधी कधी अंदाजानेच, पण मोठ्या ठामपणे, उत्तर रचून देते. म्हणून कामाला लागण्यापूर्वी खिडकी उघडी आहे ना, हे पाहणारे 'हेल्थ चेक' नावाचे छोटे साधन त्याच्या हाती दिले जाते.

कल्पना जुनीच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी 'पिंग' हा प्रोग्रॅम लिहिला. सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसाच हा एक लहानसा संदेश धाडून उत्तराची वाट पाहतो. पण प्रतिध्वनी आला, तर घरात कोणीतरी आहे एवढेच कळते. काम होईल की नाही, हे कळत नाही.

ते कळावे म्हणून सांकेतिक आकडे आहेत. २०० म्हणजे विनंती मान्य. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटत नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलेत, जरा थांबा. ५०३ म्हणजे सेवा तूर्त देता येत नाही. प्रत्येक दुखण्याचे औषध निराळे. ४०१ आल्यावर शंभरदा दार ठोठावून उपयोग नाही, मालकाकडून नवी किल्लीच आणली पाहिजे. ४२९ मध्ये तर ठोठावणे हाच रोग!

हे सारे साधनाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असावे लागते. पूर्वी अशी पत्रके खोक्यातच राहत. आता ती यंत्रच वाचते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे मानक जाहीर केले. त्यात साधनासोबत त्याचे साध्या भाषेतले वर्णन जोडता येते आणि त्याच्याच आधारे यंत्र ते साधन केव्हा वापरायचे हे ठरवते. मग 'जोडणी तपासते' एवढ्या दोन शब्दांनी कसे भागेल? काय तपासले, काय तपासले नाही, तपासणी कधीची, उत्तरासाठी किती वेळ थांबायचे, बिघाड दिसल्यास पुढे काय करायचे, हे सगळे स्पष्ट हवे. तपासणीच्या नावाखाली खरेच पैसे वळते होऊ नयेत आणि गुप्त किल्ली अहवालात छापली जाऊ नये, हेही.

यात थोडी चूक झाली तर? ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम मुके झाले, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी क्षमता मोजण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या माहिती केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी साधनात दोष होता. त्याने ती जाऊ दिली. मग जगाला पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी पाहिले की, माहिती केंद्रांशी बोलणे होत नाही. 'आपलीच प्रकृती बरी नाही' असे ठरवून त्यांनी स्वतःकडे येण्याच्या वाटा मागे घेतल्या. सर्व्हर धडधाकट होते; पण त्यांच्यापर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. तपासणी नेमून दिल्याप्रमाणेच वागली. सगळ्यांचाच संपर्क एकदम तुटला तर काय, या प्रश्नापुढे मात्र ती तोकडी पडली.

'ठीक आहे' हा शब्द स्वस्त आहे. तो कशाच्या आधारावर उच्चारला, हे महत्त्वाचे. आणि आधारच नसेल, तर 'मला कळले नाही' असे सांगण्याची मुभा साधनालाही हवी, एजंटलाही.

आमच्या एक मावशी ट्रंककॉलवर 'ऐकू येतंय का?' असे कधीच विचारत नसत. निरोप सांगून झाला की म्हणत, ''आता मी काय सांगितलं, ते परत सांग बघू!''