नौकाविहारासाठी पादत्राणे निवडताना

नौकाविहाराला निघताना टोपी, पाण्याची बाटली आठवणीने घेतली जाते. पादत्राणांचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक ओल्या, डोलणाऱ्या डेकवर तोल सावरण्याची सारी भिस्त पायांवरच असते.

१९३५ मध्ये अमेरिकेतील पॉल स्पेरी यांनी यावर उपाय शोधला. आपला कुत्रा बर्फावरून न घसरता धावतो, हे पाहून त्यांनी त्याच्या पंजावरील भेगा न्याहाळल्या आणि त्याच धर्तीवर बुटाच्या रबरी तळाला बारीक नागमोडी चिरा पाडल्या. पाऊल टेकताच या चिरांच्या कडा डेकला धरतात आणि तळाखालचे पाणी बाजूला सरते.

म्हणूनच तळ मऊ रबराचा, सपाट आणि बारीक चिरांचा असावा. खोल खाचांत अडकलेली खडी डेकवर ओरखडे काढते, तर काही काळे रबर डाग पाडते. गुळगुळीत चामडी तळ टाळावा. सैल चप्पल ऐनवेळी निसटते किंवा दोरात अडकते. उघडी बोटे लोखंडी खुंट्यावर आदळतात. बूट पायाला घट्ट बसणारे, पण चटकन निथळणारे हवेत. परतल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत.