शेजारच्या सीटचं काय?

‘लर्निंग निघालंय ना, मग काढ गाडी’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य कायद्याच्या दृष्टीने अर्धंच खरं आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पण अटींवर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम त्या अटी सांगतो. सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. मागच्या काचेला चिकटपट्टीने डकवलेला कागद या मापात क्वचितच बसत असेल. शिकाऊने एकट्यानेच गाडी काढली, तर तो विनापरवाना ठरून कलम १८१ लागू शकतं : ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंडाची कमाल ५०० रुपये होती. किल्ली देणाऱ्या मालकासाठी कलम १८० आहे, दंड तेवढाच.

म्हणजे किल्ली देणारा अडकतो, पण शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकं घालणारा सहीसलामत सुटतो. धोकादायक वाहन चालवण्यास साथ देणाऱ्यासाठी कलम १८८ आहे. निव्वळ दुर्लक्षासाठी वेगळं कलम नाही. कॅमेऱ्याने धरलेलं ई-चलान तर गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या नावावर निघतं. वडिलांनी ते भरलं की मुलाच्या परवान्यावर ओरखडाही उठत नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ असताना मिळालेले दंडगुण पक्क्या परवान्यावरही चढतात आणि पहिल्या दोन वर्षांत एकूण सहा झाले की परवाना जातो. तिथे शिकवणारा किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षांचा परवानाधारक लागतो. शिकवताना त्याने हातात फोन घेतला, तर तोही गुन्हा. आपल्या नियमाला काल पक्कं लायसन्स मिळालेला मित्रही चालतो. दंड दसपट करण्यापेक्षा जबाबदारी योग्य माणसावर टाकायला हवी होती.

यावर कोणी म्हणेल, शिकणारा चुकणारच, त्याच्या चुका आयुष्यभर का मिरवायच्या? रास्त आहे. चढावर गाडी बंद पडली म्हणून कोणी गुण चढवू नयेत. सिग्नल तोडणं मात्र नवखेपणात बसत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे : शेजारी बसणाऱ्यालाही दंड लावला, तर घरातलं कोणी शिकवायला बसणार नाही. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी स्वतंत्र ब्रेक असतो. घरच्या गाडीत त्याच्या हाताशी फार तर हँडब्रेक, बाकी सगळी भिस्त त्याच्या नजरेवर. तीच नसेल तर त्याच्या बसण्याला अर्थ काय? दुचाकीपुढे मात्र हा युक्तिवाद थिटा पडतो. मागे बसून स्कूटर आवरता येत नाही, तिथे मुळात नियमच पोकळ आहे.

शिकाऊ परवाना हाही परवानाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात म्हटलं, तेही अटी पाळून गाडी चालवणाऱ्याबद्दल. तेव्हा आज मुलीच्या शेजारी बसणार असाल, तर फोन मागच्या सीटवर टाका आणि हात हँडब्रेकपाशी ठेवा.