गळ्यातलं कागदावर

सुधीर फडके यांचं ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्र अपुरं राहिलं, ही हळहळण्याची गोष्ट खरीच. पण वाचकाच्या ते पथ्यावर पडलं, असं मला दर वाचनाला वाटतं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं गीतरामायण, त्यातली छप्पन्न गीतं, रेडिओला हार घालून बसणारी माणसं, हे सगळं सांगणारे पुष्कळ आहेत. फडक्यांच्या स्वतःच्या लेखणीने सांगितला तो त्याआधीचा, ‘सुधीर’ होण्यापूर्वीचा राम फडके. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेला, वामनराव पाध्यांकडे गाणं शिकलेला, घरची घडी विस्कटल्यावर मुंबईत मिळेल ते काम करून पोट भरू पाहणारा. मग उत्तर हिंदुस्थानातली भटकंती: एका गावी कशीबशी मैफल जमवायची, हाती आलेल्या पैशांत पुढचं गाव गाठायचं, तिथे पुन्हा ओळख ना पाळख.

भुकेविषयी लिहिणारे बहुधा दोनांपैकी एक वाट धरतात. एक तर गळा काढतात, नाही तर पुढे मिळालेल्या मानसन्मानाच्या जोरावर त्या दिवसांकडे कौतुकाने बघतात. फडके गळा काढत नाहीत, आणि पुस्तक मानसन्मानापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे त्या उपाशी दिवसांची भरपाई कुठल्याच पानावर होत नाही. ‘प्रेरणादायी’ हा शब्द मलपृष्ठावर छापून छापून पार गुळगुळीत झाला आहे. तो पुन्हा वापरायचाच असेल तर मी अशा पुस्तकांसाठी वापरेन, जिथे पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस सकाळी उठून रियाजाला बसतो.

या दृष्टीने पाहिलं तर उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची कहाणी सर्वांत कठीण. १८५५ चा जन्म, गाणं घराण्यातलं, गळा तयार. मध्य भारतातल्या आमलेटा या लहानशा संस्थानात दरबाराला त्यांचं गाणं इतकं आवडलं की गाऊन गाऊन आवाजच बसला. श्रोत्यांच्या प्रेमाने गवयाचा गळा जावा, याहून क्रूर गोष्ट कोणती? बराच काळ आवाज परतला नाही आणि परतला तो पूर्वीचा नव्हता. नव्या गळ्याला जे पेलेल त्यातून त्यांनी गायकी घडवली: लयीशी गुंतलेली, पेचदार वळणं घेत समेवर येणारी तान आणि अनवट रागांचा सोस. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात स्थिरावले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून ही गायकी महाराष्ट्राने ऐकली. आज जयपूर-अत्रौली घराण्याचं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्या मुळाशी एक बिघडलेला आवाज आहे. खाँसाहेब हे सांगतात तेव्हा त्यांचा सूर तक्रारीचा नाही. असं झालं, मग आम्ही असं केलं, एवढंच.

उतारवयात त्यांनी हे सगळं नातवाला, अज़ीज़ुद्दीन खाँना, उर्दूत सांगितलं. आयुष्याचा एवढा मोठा काळ कोल्हापूर-मुंबईत काढलेल्या या गवयाचं आत्मकथन पुस्तकरूपाने आलं ते २००० साली, कोलकात्याहून, इंग्रजीत. आपल्याला याची थोडी लाज वाटायला हरकत नाही. मराठीची बाजू त्याआधी सांभाळली होती गोविंदराव टेंबे यांनी, खाँसाहेबांचं चरित्र लिहून.

टेंब्यांपाशी मात्र थोडं थांबायला हवं. त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ चं. लेखकाच्या खात्यावर तोवर पुष्कळ काही जमा होतं. १९११ च्या ‘संगीत मानापमान’च्या चाली त्यांच्या, १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांत ते एक, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधला हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच. दुसरा कुणी असता तर यावरच दोन खंड लिहिले असते. टेंब्यांचा जीव रमतो तो आपण काय ऐकलं हे सांगण्यात. भास्करबुवा बखले एखादी जागा कशी घेत, अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याने आपल्या कानांचं काय झालं, हे ते अशा असोशीने लिहितात की ‘मी’ आपोआप मागे सरतो. पेटी वाजवणाऱ्या टेंब्यांचा हा गुण असावा. गायकाच्या अर्ध्या पावलामागून चालण्याची सवय झालेला माणूस लिहितानाही तसाच चालतो. (हे पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीवाल्याने मराठीतलं संगीतावरचं इतकं सुरेल गद्य लिहावं आणि लगोलग पेटीलाच रेडिओचं दार बंद व्हावं!)

माझं मत सांगायचं तर गवयांच्या आठवणींत ‘मी गायलो’पेक्षा ‘मी ऐकलं’ जिथे जास्त, ते पुस्तक टिकतं. केशवराव भोळे यांचं लेखनही याच कारणाने टिकलं. ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाचे हे संगीतकार स्वतःच्या चालींविषयी लिहितात तेव्हा ती चाल कुठून सुचली, कुठे अडली, कुणाच्या गळ्यासाठी बदलली, हा कामाचा हिशेब मांडतात. टाळ्या, हारतुरे आणि कुणाकुणाबरोबरचे फोटो हा मजकूर ज्या पुस्तकांत फार, ती मी नावानिशी सांगत नाही. वाचकांना ती माहीत आहेत.

शाहीर साबळे यांच्या ‘माझा पवाडा’चा बाज वेगळा. वाईजवळच्या पसरणीचा मुलगा, अमळनेरला आजोळी वाढलेला. आजीला त्याचं गाणं नको होतं, साने गुरुजींच्या सहवासात ते नकोसं गाणंच त्याचं काम झालं. इथे रियाज बंद खोलीत चालत नाही. तो सभेत, मिरवणुकीत, फडावर चालतो. २०२३ साली त्यांच्यावर आणि २०२४ साली फडक्यांवर चित्रपट आले. ते पाहून आलेल्यांनी आता पुस्तकंही हाती घ्यावीत.

बायकांनी मात्र फार कमी लिहिलं. गंगूबाई हनगल यांनी आपली कहाणी कन्नडमध्ये सांगितली आणि ती वाचल्यावर आपल्याकडच्या कितीजणींची राहून गेली हे जाणवतं. आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्थानी गाण्यावर आपल्या गाण्याची छाया नको म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं आवरतं घेतलं. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. जातीवरून आलेला अपमान त्या विसरल्या नाहीत, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर गायल्याचा आनंदही विसरल्या नाहीत. घशावरच्या उपचारानंतर आवाज खोल आणि भारदस्त झाला, तर त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. इकडे केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या थोर गायिकांचं गाणं ध्वनिमुद्रिकांत उरलं आणि त्यांची गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावी लागली.

साथीदारांची कथा याहून वेगळी नाही. गीतरामायणात फडक्यांना व्हायोलिनची साथ करणारे प्रभाकर जोग यांनी आठवणी लिहिल्या म्हणून स्टुडिओतल्या, मंचाच्या कडेच्या जगाची थोडीफार कल्पना येते. तबलजी, सारंगिये, नाटक कंपन्यांतले ऑर्गनवादक, तमाशातले ढोलकीवाले यांच्यापैकी लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

प्रकाशकांना एक सांगणं आहे: टेंबे आणि भोळे यांची पुस्तकं आजच्या वाचकाला दुकानात सहज मिळतील अशी ठेवा. आणि वाचकांना दुसरं: तुमच्या गावात, घरात कुणी जुने पेटीवाले, तबलजी, एखाद्या मेळ्यात गायलेली आजी असेल, तर एखाद्या सुट्टीत मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. अल्लादिया खाँसाहेबांसमोर त्यांचा नातू बसला म्हणून ते पुस्तक झालं.