परीक्षकाच्या बोटाखालचं बटण

गणेशोत्सवातल्या नृत्यस्पर्धेतही आता परीक्षकांच्या हाती कागदाऐवजी मोबाईल दिसू लागला आहे. स्पर्धकाचं नाव, निकषांचे रकाने, खाली ‘सबमिट’. हा स्क्रीन बहुतेक वेळा मंडळातला संगणक येणारा एखादा मुलगा आदल्या रात्री बसून तयार करतो. गुण कसे नोंदवायचे, एवढ्याच प्रश्नावर ऑलिंपिकमधल्या खेळांनी मात्र कित्येक दशकं डोकेफोड केली आहे.

सर्वांत महागात पडला तो बॉक्सिंगचा प्रयोग. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः बडवलं. मोजणाऱ्यांनी ८६ विरुद्ध ३२ ठोसे मोजले, तरी पाचपैकी तीन पंचांनी कौल पार्कला दिला. यावर उतारा म्हणून १९९२मध्ये बार्सिलोनात प्रत्येक पंचापुढे बटणं आली. लाल कोपऱ्याचं एक, निळ्याचं एक. किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तरच गुण.

ऐकायला चोख वाटतं. पण जवळून चार-पाच ठोशांची सरबत्ती झाली की कोणी कोणत्या ठोशाला बटण दाबलं, याचा मेळ बसेना. पोटावरचे ठोसे तर बरेचदा वाऱ्यावरच जात. बॉक्सरनी हे लवकर ओळखलं. लांबून, चेहऱ्यावर, सुटा आणि स्वच्छ ठोसा मारायचा. आघाडी मिळाली की पळत राहायचं. बटणाने खेळच बदलून टाकला. विजेंदर सिंगचं २००८चं आणि मेरी कोमचं २०१२चं कांस्य याच काळातलं. विजेंदर उपांत्य लढतीत क्यूबाच्या एमिलिओ कोरेयाकडून ५-८ असा हरला, म्हणजे चार फेऱ्यांत दोघांचे मिळून १३ गुण! अखेर २०१३मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि दर फेरीला दहा गुणांचा व्यावसायिक बॉक्सिंगमधला रिवाज आला.

जिम्नॅस्टिक्समध्ये पंचांनी चूक केली नाही, तर फलकाने केली. १९७६मध्ये माँट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले. दहाच्या आकड्यासाठी जागाच ठेवलेली नसल्याने फलकावर १.०० झळकलं.

फिगर स्केटिंगला शहाणपण आलं ते बदनामीनंतर. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोड्यांच्या स्पर्धेच्या निकालावर इतका गदारोळ झाला की कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. २००४मध्ये नवी पद्धत आली आणि पंचाचं काम वाटून टाकलं गेलं. उडी कोणती, गिरक्या किती, हे तांत्रिक मंडळ ठरवतं. पंचाने टच स्क्रीनवर ती किती चांगली साधली ते नोंदवायचं, आधी उणे ३ ते अधिक ३ आणि २०१८पासून उणे ५ ते अधिक ५. बेरीज यंत्राची. शंका आली तर तोच तुकडा पुन्हा पाहायचा. परीक्षकाच्या स्क्रीनचा याहून विचारी नमुना मला माहीत नाही. तरीही एक खोट राहिलीच. सादरीकरणासाठी पाच वेगळे रकाने होते आणि पंच पाचही ठिकाणी जवळपास सारखेच आकडे भरत. २०२२मध्ये त्यांचे तीन करण्यात आले.

आपल्याकडच्या स्पर्धांत भाव, ताल, वेशभूषा, रंगमंचाचा वापर असे आठ-आठ रकाने मोबाईलवर सरकवत बसलेला परीक्षक पुढच्या स्पर्धकाची सुरुवातच चुकवतो. शिवाय दुसऱ्या परीक्षकाचे गुण त्याला दिसत असतील, तर त्याचं मत त्याचं राहत नाही. नेटवर्क गेलं तर काय, याचंही उत्तर आधीच हवं. कोरी गुणपत्रकं टेबलावर असू द्या.

आयोजकांनी एवढं तरी करावं : स्पर्धेच्या आधी परीक्षकांना दोन-तीन नमुना नाच दाखवून त्याच मोबाईलवर गुण द्यायला लावावेत. जे रकाने नेहमी सारख्याच आकड्याने भरले जातील, ते सरळ एकत्र करून टाकावेत.