बाबांच्या औषधांची यादी तुमच्याकडे आहे का?

रात्रीचे साडेअकरा. गावाहून आईचा फोन येतो. “बाबांच्या छातीत जळजळतंय. जेवण जड झालं असेल म्हणतात. सोडा घेऊन पडलेत. सकाळी डॉक्टरांकडे जाऊ.” तुम्ही पुण्यात किंवा बंगळूरला, ते दोघं काणकोणला. काय सांगाल आईला?

उत्तर एकच आहे: सकाळची वाट पाहू नका, आत्ता १०८ ला फोन करा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं ही लक्षणं आपल्याला ऐकून माहीत असतात. पण मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी नुसतीच मळमळ, थकवा किंवा पोटात जळजळ होते. ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणत घालवलेला वेळ नंतर कोणीही भरून देऊ शकत नाही.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली की पुढच्या काही तासांत तिथला स्नायू मरत जातो. अशा झटक्याला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. धमनी उघडायचे मार्ग दोन: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी. वेळेत झाली तर अँजिओप्लास्टी अधिक चांगली, पण तिच्यासाठी कॅथ लॅब आणि हृदयरोगतज्ज्ञ लागतात. काणकोणहून बांबोळीचं गोमेकॉ साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तेवढ्या प्रवासात स्नायू थांबून राहत नाही.

या अंतरावर गोव्याने २०१८ च्या अखेरीस एक तोडगा काढला. ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पात तालुक्यातली सरकारी आरोग्य केंद्रं आणि इस्पितळं गोमेकॉशी जोडली गेली. रुग्ण जवळच्या केंद्रात पोचला की तिथेच ईसीजी काढला जातो आणि ऑनलाइन पाठवला जातो. दुसऱ्या टोकाला बसलेले तज्ज्ञ काही मिनिटांत तो वाचून निदान कळवतात. स्टेमी असेल आणि धोका नसेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच देतात. मग रुग्णवाहिका त्याला पुढे नेते. म्हणजे उपचार बांबोळीला पोचल्यावर नव्हे, घराजवळ सुरू होतो.

अशा जोडणीचा फायदा तामिळनाडूत मोजलेला आहे. तिथे ३५ छोटी केंद्रं मोठ्या रुग्णालयांशी जोडून २,४२० रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवस्था सुरू होण्यापूर्वी वर्षभरात १७.६ टक्के रुग्ण दगावत होते, नंतर ते प्रमाण १४.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे शंभरामागे तीन-चार माणसं जास्त वाचली. नर्स, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेतले कर्मचारी, केंद्रातले डॉक्टर आणि तज्ज्ञ यांनी एकमेकांच्या हातात वेळेवर काम दिलं, त्यातून हा फरक पडला.

पण रुग्ण जितक्या हातांतून जातो, तितक्या ठिकाणी औषधाची चूकही होऊ शकते. केंद्रात रक्त पातळ करणारी औषधं दिली आणि ते कागदावर नीट लिहिलं नाही, तर पुढे तीच पुन्हा दिली जाण्याची भीती असते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून ते देण्यापूर्वी डॉक्टर भराभर विचारतात: आधी पक्षाघात झाला होता का? अलीकडे ऑपरेशन? पोटात अल्सर? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांना काही इंजेक्शनं निम्म्या मात्रेत देतात, त्यामुळे वयही नेमकं सांगावं लागतं.

रुग्ण कळवळतोय, आई घाबरलेली. मग ही उत्तरं कोण देणार? इथे घरचा माणूसच त्या टीमचा सदस्य होतो.

एक प्रश्न संकोचाचा असतो. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक शक्तीची गोळी घेतलेल्या माणसाने जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर लपवू नये, आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याने ती गोळी कोणाच्या जिभेखाली ठेवूही नये. ॲस्पिरिन चघळायची का, हेही १०८ वरच्या माणसाला किंवा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर सहा-सात औषधं असतात. क्लोपिडोग्रेल हे एकच औषध क्लोपिलेट, डेप्लॅट, क्लोपिटॅब अशा वेगवेगळ्या नावांनी मिळतं. शहरातल्या डॉक्टरांनी एक नाव लिहिलं, गावातल्या डॉक्टरांनी दुसरं, की बाबा दोन्ही पाकिटांतली गोळी घेऊ लागतात. नावापुढे ‘ए’ असलेल्या जोडगोळीत ॲस्पिरिन आधीच असतं. सोबत इकोस्प्रिन चालू राहिली तर ते दुप्पट होतं, आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

उलट चूकही तितकीच घातक. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद केली, तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही त्यांना विचारूनच घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. आपल्या घरात ती एका कागदाने सुरू होऊ शकते. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा औषधांचा डबा उघडून बसा. प्रत्येक गोळीचं पाकिटावरचं नाव, त्याखाली लहान अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि कशासाठी, हे लिहा. ॲलर्जी, जुने आजार, ऑपरेशनं, रक्तगट जोडा. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीची औषधंही सोडू नका. एक प्रत फ्रिजवर, एक बाबांच्या पाकिटात, फोटो भावंडांच्या ग्रुपवर. औषध बदललं की यादी बदला आणि वर तारीख घाला. मूळ नावं एकच दिसली तर औषधवाल्यांना आणि डॉक्टरांना दाखवा.

सोबत आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: आपल्या तालुक्यात रात्री ईसीजी कुठे निघतो, आणि जवळची कॅथ लॅब कुठे आहे. बेळगाव असो, इंदूर, वडोदरा की हैदराबाद, १०८ हा नंबर सगळीकडे तोच आहे.

मग साडेअकराला फोन आलाच, तर आईला सांगायला तुमच्याकडे दोनच वाक्यं असतील: “१०८ ला फोन कर. फ्रिजवरचा कागद सोबत घे.”