'फाइंड' म्हणजे शोधणे की सापडणे?



'फाइंड' म्हणजे काय, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, "शोधणे!" हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग शिकवायचा राहिला, तर मुलं पुढे इंग्रजीच्या वाक्यात अडकतात आणि गणितातही. म्हणून आज या एकाच क्रियापदाकडे नीट पाहू या.

१) शोधणे वेगळं, सापडणे वेगळं

"मी पेन शोधतोय" यात धडपड आहे, पेन अजून हाती आलेलं नाही. "मला पेन सापडलं" म्हणजे काम झालं. इंग्रजीत धडपडीसाठी 'लुक फॉर' आहे आणि सापडण्यासाठी 'फाइंड'.

आय ॲम लुकिंग फॉर माय पेन. – मी माझं पेन शोधतोय.
आय फाउंड माय पेन. – मला माझं पेन सापडलं.

म्हणूनच पेन शोधत असताना "आय ॲम फाइंडिंग माय पेन" म्हणत नाहीत.

आणखी एक फरक मुलांना दाखवून द्या. मराठीत 'मला' येतं आणि पेन सापडतं. इंग्रजीत वाक्य माणसापासून, म्हणजे 'आय'पासून सुरू होतं. मराठीच्या सवयीने मुलं "माय पेन इज नॉट फाइंडिंग" म्हणतात. बरोबर वाक्य आहे – आय कान्ट फाइंड माय पेन.

२) रूपं

फाइंड – फाउंड – फाउंड.

'फाउंड' नावाचं दुसरं स्वतंत्र क्रियापदही आहे. त्याचा अर्थ स्थापना करणे, आणि भूतकाळ 'फाउंडेड'. महात्मा फुले फाउंडेड द सत्यशोधक समाज इन १८७३. इथे 'फाउंड' लिहिलं तर 'समाज सापडला' असा अर्थ होईल!

३) आणखी अर्थ

आढळणे: टायगर्स आर फाउंड इन ताडोबा. – ताडोबात वाघ आढळतात.
वाटणे: आय फाइंड मॅथ्स इझी. – मला गणित सोपं वाटतं. इथे शोधाशोध मुळीच नाही.
माहिती काढणे: फाइंड आउट व्हेन द बस लीव्ह्ज. – बस कधी सुटते ते बघ. हरवलेली वस्तू सापडली की 'फाइंड', माहिती कळली की 'फाइंड आउट'.

४) गणितातला 'फाइंड'

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आयताची लांबी ८ सेमी, रुंदी ५ सेमी. फाइंड द एरिया. 'शोधा' एवढाच अर्थ पाठ असलेलं मूल क्षेत्रफळ कुठे लिहिलंय ते आकृतीत पाहत बसतं. इथे अर्थ आहे 'काढा'. ८ गुणिले ५, उत्तर ४० चौसेमी. गुणाकार येत असूनही एका शब्दापायी गुण जातात आणि आपण म्हणतो, "याचं गणित कच्चं आहे."

५) शोध लावणे

मराठीत रेडियमचाही 'शोध लावला' आणि टेलिफोनचाही. इंग्रजीत मात्र आधीपासून असलेलं प्रथमच उजेडात आणलं तर 'डिस्कव्हर', नवीन बनवलं तर 'इन्व्हेंट'. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम 'डिस्कव्हर' केलं. बेलने टेलिफोन 'इन्व्हेंट' केला आणि १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

वर्गात काय कराल?

खडू लपवा आणि एका मुलाला शोधायला सांगा. तो शोधत असेपर्यंत वर्गाने म्हणायचं, "ही इज लुकिंग फॉर द चॉक." हाती लागला की, "ही फाउंड इट!" घरी हाच खेळ चप्पल, चावी, चष्म्यावर खेळता येईल.

आणि वहीत 'फाइंड – शोधणे' एवढंच लिहून थांबू देऊ नका. सापडणे, आढळणे, काढणे, वाटणे हे चारही अर्थ लिहायला सांगा आणि प्रत्येकापुढे मुलाने स्वतः बनवलेलं एक वाक्य.